गुरुवारचा मामा

दिवाळी अंकवाल्यांना निवृत्त माणसाचा अनुभव पाहिजे होता. आमच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या दोघांना त्यांनी विचारलं. एकजण म्हणाले, वेळ न्हाई. दुसरे म्हणाले, आठवत न्हाई. मग माझ्याकडं आले. माझं वय एकोणतीस, नोकरी सहा वर्षांची. तरी सहा वर्षं एकाच खुर्चीवर बसून लोकांची ऐकली की केस पिकत न्हाईत, पण पिकल्यासारखं वाटतंय. एवढ्यावर लिहायलोय.

सीमाभागातल्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला एक खोली हाय. दारावर लांबलचक नावाची पाटी हाय. ती कोण वाचत न्हाई, कारण वाचताना कोणी बघितलं तर काय, ही भीती. लोक तिला ‘ती खोली’ म्हणतात. तिथं एचआयव्हीची तपासणी होते. सुई टोचायचं काम लॅबवाल्या मॅडमचं, बोलायचं काम माझं. टोचायच्या आधी बोलायचं, निकाल सांगताना बोलायचं, नंतर तर बोलतच राहायचं. सरकारी कागदावर मला समुपदेशक म्हणतात. माझी आई शेजारणीला सांगते, पोरगं दवाखान्यात बोलायच्या कामाला हाय. शाळेत ह्याच कामापायी मी छड्या खाल्ल्यात. चौथीत असताना हेडसरांचा आवाज काढून भिंतीमागून सुट्टी जाहीर केली होती. सगळा वर्ग घरी गेला. हेडसर पण निघाले होते, फाटकापाशी त्यांच्या लक्षात आलं.

मराठी, कन्नड आन् दखनी, तिन्हीत मला कुणाचाबी आवाज काढता येतो. नोकरीच्या अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

आमच्याकडं तूर निघाली की अर्धं गाव बाहेर पडतंय. कोण हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली, कोण पुण्याला सेंट्रिंगला. सेंट्रिंग म्हंजे स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या-टेकू लावायचं काम. लोकांना वाटतंय, गडी परमुलखात गेला की बिघडतो. सहा वर्षांत मला खरंच बिघडलेला गडी एकच भेटला, आन् तो कधी तालुक्याच्या बाहेर गेला नव्हता. बाकीचे नुसते थकलेले होते.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, संबंधांविषयी मोकळेपणानं विचारा. पहिल्या आठवड्यात मी मोकळेपणानं विचारलं. समोरचा माणूस मोकळेपणानं उठून गेला.

मग मी विचारायला लागलो, झोप लागते का?

ह्याला कोण लाजत न्हाई. पहिल्यांदा सगळे म्हणतात, लागते की. तवा आपण गप बसायचं, खिडकीतून सायकल स्टँडकडं बघायचं, आन् परत तेच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस सांगायला लागतो. आठव्या मजल्यावर बिनकठड्याचं काम. पत्र्याच्या शेडमध्ये बाराजण. मुकादमाच्या शिव्या. गावाकडनं फोन, की आई आजारी हाय. झोप न्हाई. झोपेसाठी थोडी घ्यायची. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून घ्यायची. मग कोणीतरी चप्पल घालतो आन् म्हणतो, चल. चौघं निघाले की पाचवा मागं राहून काय करणार. अशा वेळी खिशात निरोध हाय का, हे आठवायचं डोकं शिल्लक नसतंय. एकाला मी विचारलं होतं, कामून गेलास बाबा तिच्याकडं? तो म्हणाला, “तिनं इचारलं, कुठल्या गावचा. चार महिन्यात कोणी इचारलं नव्हतं सर.”

आता ज्याची गोष्ट सांगायलोय तो सिद्राम. नाव बदललंय. राजेश्वरच्या बाजूचं गाव, कामाला पुण्यात सेंट्रिंगवर. येळवसला, म्हंजे येळ अमावस्येला, आमच्याकडचा गडी जगात कुठंबी असू दे, शेतात जेवायला गावी येतो. तसा तो आला होता. कमरेला नागीण उठली होती. गावातल्या जाणकारानं त्यावर कावेनं नाग काढून दिला होता, चांगला काढला होता. डॉक्टरांनी नाग बघितला, नागीण बघितली आन् त्याला माझ्याकडं पाठवलं, कारण तरण्या माणसाला नागीण उठली की ही तपासणी करून घेतलेली बरी.

निकाल पॉझिटिव्ह आला. मी समजावून सांगितलं. रोज गोळी, जन्मभर. न चुकवता घेतली की विषाणू दबून राहतो, माणूस काम करतो, म्हातारा होतो. त्यानं सगळं ऐकलं आन् एकच विचारलं.

“सर, घरी सांगावं लागतंय का?”

आमच्या खोलीत निकाल ज्याचा त्यालाच सांगतात. बायकोला त्यानं स्वतः सांगावं म्हणून आम्ही मागं लागतो. अगदीच सांगेना तर मोठे डॉक्टर मध्ये पडतात, पण ती शेवटची पायरी.

“तिलाबी तपासावं लागंल अण्णा,” मी म्हणालो. “दिवाळीला आला होता न्हवं तुमी?”

“पाडव्याला येतो तवा सांगतो. आता माझ्या तोंडातनं निघंना.”

पुण्यातल्या ह्या गोळ्या मिळायच्या केंद्राची चिठ्ठी घेऊन चार दिवसांत तो परत गेला. जाताना मी म्हणालो, दर आठवड्याला फोन करतो. तो घाबरला. कारण शेडमधली पद्धत. गावाकडनं फोन आला की तो एकट्याचा नसतोय. स्पीकरवर टाकायचा, बाराजणांनी ऐकायचा, सगळ्यांनी नमस्कार घालायचा. फोन घेऊन बाजूला गेला की त्या माणसाचं काहीतरी लपलेलं हाय, असं धरतात.

माझ्याकडं ह्याच्यावर औषध होतं. एकाला मी खताच्या दुकानातला चाचा म्हणून फोन करायचो, दखनीत. ते इतकं जमलं होतं की त्याच्या शेडमधल्या तिघांनी माझ्याकडं दोन-दोन पोती युरिया सांगितला. आठ दिवस मी त्यांना माल येतोय म्हणून थोपवून धरलं.

सिद्रामला विचारलं, तुमाला कोण पाहिजे?

त्यानं बोटावर नातेवाईक मोजले. मग म्हणाला, “निंबर्ग्याचा मामा. शरणप्पा मामा.”

हा मामा सगळ्या भागाला माहीत. जत्रेत कुस्तीच्या फडावर माईकवरून पैलवानांची नावं पुकारतो. दोनदा घसा खाकरायचा, ‘ऐक तमा’ म्हंजे ऐक धाकट्या, म्हणून सुरू करायचं आन् शेवटी ‘तिळीतेन?’ म्हंजे कळलं का, असं विचारायचं. शाळेत असताना मी त्याच्यावर टाळ्या घेतल्यात.

“पर मामा चार वर्षं झाली बोलत न्हाईत माझ्याशी,” सिद्राम म्हणाला. “माझ्या लग्नात आयेर पुकारायलते, त्यात मामांचंच नाव ऱ्हायलं. सगळ्या जत्रेची नावं पुकारणारा माणूस, आन् त्येंचंच नाव न्हाई. जेवायच्या आधी उठून गेले. शेडमध्ये हे कुणाला ठावं न्हाई.”

असा मी मामा झालो. त्यांच्या साईटला गुरुवारी सुट्टी. गडी दुपारी जेवून निघायचे. म्हणून मी बरोबर त्या वेळी फोन लावायचो.

“ऐक तमा. झोप लागते का?”

“लागते मामा.”

“झोप लागते का?”

“...न्हाई मामा.”

मागनं कोणीतरी म्हणायचं, “आमालाबी लागत न्हाई मामा.”

“तुमच्या तुमच्या मामाला सांगा. सिद्राम, नागिणीची गोळी घ्यायलास न्हवं? चुकवायची न्हाई. तिळीतेन?”

मग पाऊसपाणी, बैल, असलं अर्धा तास. चप्पल घातलेले गडी उभे राहून कंटाळायचे आन् त्याला सोडून जायचे. कधी कधी त्यातले दोघं-तिघं चप्पल काढून ऐकत बसायचे. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम मी दुसऱ्याच्या आवाजात केलंय, हे मला मान्य हाय.

माघ महिन्यात एका सोमवारी, मी मामा होऊन ज्यावरनं बोलायचो त्या फोनवर अनोळखी नंबर आला. बाईचा आवाज.

“मामा, मी महादेवी. राजेश्वरकडनं. नंबर त्येन्लाच मागितला. तुमी राग सोडला, लई बरं झालं बघा.”

सिद्रामची बायको. मी खरं सांगून ठेवायला पाहिजे होतं. मी दोनदा घसा खाकरला.

“ऐक बाई. बोल.”

“तिसरा सरला मामा. अजून त्येन्ला सांगितलं न्हाई. येळवसला सांगणार होते, तर ते नागिणीचं निमित्त करून बाजूबाजूलाच. आता फोनवर सांगावं तर बाराजण ऐकायलेत. तुमीच सांगा त्येन्ला.”

मी खुर्चीत नीट बसलो. माझ्याकडं नवऱ्याची एक गोष्ट होती, जी बायकोला माहीत नव्हती. आता बायकोची एक आली, जी नवऱ्याला माहीत नव्हती. आन् मधी एक पोर होतं. आईला लागण असली आन् ती लवकर कळली, तर आईला गोळी चालू करून पोराला बहुतेक वेळा वाचवता येतंय. जेवढं लवकर तेवढं बरं. म्हणून गरोदर बाईची ही तपासणी दवाखान्यात सगळ्यांचीच करतात. पण त्यासाठी बाई दवाखान्यात यायला पाहिजे.

“दवाखान्यात नाव घातलंस का?”

“न्हाई मामा. मागच्या खेपेला नाव घातलं आन् आठ दिवसांत पोट गेलं. ह्या खेपेला कुबस होऊस्तवर कुठं जात न्हाई.”

कुबस म्हंजे आमच्याकडचं सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण. अजून तीन-चार महिने होते.

“ऐक बाई, तसं करू नकोस. उद्याच जा.”

“तुमी या. तुमी येऊन वटी भरा, मग म्हणाल तिथं येते. तुमी आल्याशिवाय न्हाई.”

माझ्याकडं मामाचा नुसता गळा होता. मामा न्हेऊन उभा करायचा म्हंजे पाय पण लागतात.

मी लॅबवाल्या मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी काचपट्टीवरून नजर वर केली न्हाई. म्हणाल्या, “तुम्हाला नोकरी स्वतःच्या आवाजावर दिलीय.” मोठे डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला आठ दिवस द्या, त्यानं न्हाई सांगितलं तर मी बोलतो. मंगळवारी महादेवीचा परत फोन आला. मी उचलला न्हाई. बुधवारी दोनदा आला. तरी उचलला न्हाई. काय बोलावं ते कुठल्याच आवाजात सुचंना.

गुरुवारी दुपारी सिद्रामला फोन लावायच्या आधी मी घसा तापवत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं उचलला.

“ऐक तमा,” मी म्हणालो.

 पलीकडनं दोनदा खाकरल्याचा आवाज.

“ऐक तमा. कोण बोलायलाय?”

“शरणप्पा बोलायलाय,” मी म्हणालो. गाडी उताराला लागली होती, ब्रेक लागंना.

“निंबर्ग्याचा का?”

“व्हय.”

“मीबी निंबर्ग्याचा शरणप्पाच बोलायलोय,” पलीकडचा म्हणाला. “मग आपल्यातला एकजण उद्या आळंदला स्टँडवर भेट. अकरा वाजता. तिळीतेन?”

मी गेलो. मामा चहाच्या हॉटेलात भिंतीला टेकून बसले होते. धोतर, रुमाल, कपाळाला विभूती, समोर एक स्टीलचा डबा. मी बसल्यावर त्यांनी डब्यावर बोट ठेवलं.

“सिद्रामच्या बायकोनं हे धाडलंय, शेंगापोळी. चार वर्षांत त्या घरनं पयल्यांदा काय आलं. संगं चिठ्ठी हाय, की मामा, तुमी फोन उचलंना, रागावला का. खाली ती लावायलती तो नंबर. मी फोन कवा केला तेच मला ठावं न्हाई, मग उचलू कसा? म्हणून खाल्ली न्हाई अजून. दुसऱ्याचा माल हाय.”

“मामा, मी सिद्राम अण्णाचा दोस्त हाय.”

“दोस्त न्हाईस. तुझ्या खिशाला दवाखान्याचं कार्ड लटकायलंय. मी वाचलं न्हाई. वाचणारबी न्हाई.” चहा आला. मामांनी बशीत ओतला. “मी काय बोलतो त्याच्याशी?”

“झोप लागते का, म्हणून विचारता.”

“आन्?”

“तो लागते म्हणतो. मग परत विचारता. पहिल्यांदा सगळे लागते म्हणतात मामा, दोनदा विचारावं लागतंय. मग तो सांगतो. अर्धा तास बोलता. त्यामुळं त्याचं एका ठिकाणी जायचं राहतंय.”

मामांनी बशीतला चहा गार होऊ दिला.

“इतका चांगला हाय का मी?”

“गुरुवारच्या गुरुवारी.”

“शेडमध्ये काय सांगतो लोकान्ला?”

“माझा मामा फोन करतो म्हणतो. मामा एकबी गुरुवार चुकवत न्हाई म्हणतो.”

मामांनी तोंड फिरवून स्टँडवरच्या पाटीकडं बघितलं. ती त्यांनी वाचली असावी, कारण लई वेळ बघत होते.

“त्या लग्नात,” ते म्हणाले, “माझं नाव पुकारलं न्हाई.”

“माहीत हाय मामा.”

“तुला माहीत हाय. त्यानं सांगितलं म्हंजे त्याच्या ध्यानात हाय.” मग म्हणाले, “मी काय करायचं ते सांग. कामून, ते सांगू नको.”

नियम न मोडता एवढंच सांगता येत होतं. “महादेवी अक्का पोटुशी हायत. पोटुश्या बाईच्या सगळ्या तपासण्या करायच्या असतात, सगळ्यांच्याच करतात. त्या म्हणतात, मामा आले तर येते.”

मामांनी डब्याचं झाकण काढलं, एक शेंगापोळी मोडली, अर्धी माझ्यासमोर ठेवली आन् अर्धी खाल्ली.

त्या दुपारी मी सिद्रामला फोन लावला. माझ्या आवाजात, पहिल्यांदाच.

“अण्णा, स्पीकर बंद करा आन् बाहेर या.”

“कोण? मामा न्हाईत?”

“न्हाई. मी. खोलीतला.”

पत्र्याचं दार वाजलं. मागनं कोणीतरी विचारलं, काय बे, चोरून बोलायलास? 

“महादेवी अक्कांना तुमाला काहीतरी सांगायचंय,” मी म्हणालो. “बाराजणांसमोर सांगता येईना. आन् तुमाला त्यांना काय सांगायचंय ते मला माहीत हाय. दोघांचंबी माझ्याजवळ किती दिवस ठेवता?”

पलीकडं सिमेंटचा मिक्सर फिरायलता. 

“पोटुशी हाय का ती?” सिद्राम म्हणाला.

“त्या सांगतील.”

“आलो सर,” म्हणाला.

सोमवारी तिघंबी आले. मामांनी महादेवीला बसमधनं आणलं होतं, आदल्या दिवशी वटी भरून. ते पाटीखालच्या बाकावर पाटीकडं पाठ करून बसले. नवरा-बायको आत आले. मी म्हणालो, “बसा अक्का.”

ती बसली न्हाई. माझ्याकडं बघत राहिली.

“गुरुवारचे तुमीच का?”

माझ्या बोलण्यात मामा कुठं राहिला होता कुणास ठाऊक. “व्हय,” मी म्हणालो.

“वाटलंच होतं. हे फोनवर सांगायचे, मामा झोपेचं दोनदा इचारतात. पर मामा कुणाला दोनदा इचारत न्हाईत.” मग ती बसली.

सिद्रामनं सांगितलं. टेबलाच्या कडेला धरून, एका दमात, मध्ये न थांबता. मी खिडकीतून सायकल स्टँडकडं बघत होतो. स्टँडवर सात सायकली होत्या. ती रडली न्हाई. तिनं विचारलं, “कवापासनं ठावं हाय?”

“येळवसपासनं.”

“आन् ह्येन्ला?” म्हंजे मला.

“मलाबी तवापासनं,” मी म्हणालो.

“मी सोमवारी फोन केला. तवाच तुमच्या आवाजात म्हणाला असता, मी दवाखान्यातनं बोलायलोय, पोरासाठी ये. मंगळवारी आले असते मी. सात दिवस गेले माझे.”

तिचं बरोबर होतं. सिद्रामचं गुपित न फोडता एवढं मला म्हणता आलं असतं. पण मला मामा जमत होता, म्हणून मी मामाच चालवला. त्यानंतर मी बायकांशी कुणाच्याच आवाजात बोललो न्हाई. गड्यांशी पण आधी माझा आवाज ऐकवतो, मग पाहिजे तर चाचा.

तिनं पदर सावरला आन् हात मॅडमपुढं केला. सिद्राम तिला धरायला गेला, तिनं कोपरानं बाजूला सारलं. सुई टोचल्यावर मात्र तिनं त्याच हातानं त्याची बाही धरली.

तिचा निकाल मी सांगणार न्हाई. सहा वर्षं न सांगायचीच नोकरी केली. पोरीचं तेवढं सांगतो, तिच्या आईनं सांगा म्हटलंय. पोरगी झाली, दोन वर्षांची हाय, धडधाकट हाय. मामांनी बारशात माईक भाड्यानं आणून आयेर स्वतः पुकारला. पहिलं नाव स्वतःचं घेतलं, आन् चुकून राहायला नको म्हणून शेवटी परत घेतलं.

सिद्राम अजून पुण्यालाच सेंट्रिंगला हाय. गुरुवारी फोन आता खरा मामा करतो. मला ते काम उरलं न्हाई. मामाचा आवाज पण आता नीट निघत न्हाई, मध्येच माझाच लागतोय.

गेल्या गुरुवारी दुपारी मी खोलीत एकटा होतो. सकाळी एका पोराला निकाल सांगितला होता, एकवीस वर्षांचा, हैदराबादला फरशी बसवतो. डबा उघडला होता, खाल्ला नव्हता. फोन वाजला. दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

“ऐक तमा. सिद्रामचं झालं बोलून. म्हटलं तुला लावावा. झोप लागते का?”

“लागते की मामा,” मी म्हणालो.

मामा गप बसले. फोनमधनं त्यांच्याकडच्या बैलाच्या घुंगराचा आवाज येत होता. मी सायकल स्टँडकडं बघायला लागलो.

“झोप लागते का?” मामांनी विचारलं.